रुंद भिंग आणि गेरूची रेघ

केशवराव वकिलांचे शौक शेवटी जानरावांच्या टेबलावर येऊन पडत, हे अख्ख्या अमरावतीला ठाऊक होतं. अडतीस साली दिवाळी उलटली आणि वकिलांच्या छोट्या जर्मन कॅमेऱ्यासाठी मुंबईहून एक नवं रुंद भिंग आलं. दोन दिवस त्याच्याशी झटापट करून ते फोटोच्या दुकानात हजर झाले.

"जानराव, आठ दिवस वापरा आणि खरं काय ते सांगा. ठेवू की परत पाठवू?"

जानरावांनी भिंग तळहातावर घेतलं. चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठं असेल. वीस वर्षं ज्या माणसाने लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं खुपसलं, त्याला हे खेळणंच वाटणार. पण वकिलांसमोर नाक मुरडता येत नाही.

जानराव माळ्यांचे. भाऊ अजून शेवंती आणि झेंडू पिकवत होते. यांनी मात्र सोळाव्या वर्षी अकोल्याच्या एका फोटोवाल्याचं दुकान धरलं, आणि मळा सोडून सावल्या पकडायला गेला म्हणून घरच्यांनी त्यांची भरपूर टर उडवली. त्या उस्तादाने त्यांच्या डोक्यात एक नियम ठोकून बसवला: ज्याचा फोटो, त्याचाच फोटो. शेजारच्याचं बोट जरी आलं तरी फोटो उतरलेली ती काच खराब. जानरावांनी हा नियम जन्मभर पाळला, आणि पाळला याचा त्यांना फार अभिमान होता.

पहिला दिवस नुसता कुरकुरण्यात गेला. या कॅमेऱ्यात उलटं चित्र दिसत नाही, कापड नाही, काही नाही. एका खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर सरकवून आणायच्या, म्हणजे नेम लागला. शिवाय ती खिडकी साध्या भिंगाच्या मापाची. रुंद भिंग लावलं की कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी छोटी खिडकी बसवायची, आणि किती मावतं ते तिच्यातून बघायचं. एका कामाला दोन खिडक्या, हे जानरावांना मुळीच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या फळबाजारात गेले. टिनाच्या छपराखाली अंधारच म्हणायचा. पेटीच्या कॅमेऱ्याने तिथे भडका उडवणारी पूड पेटवावी लागली असती, आणि सगळा बाजार दचकून डोळे मिटून बसला असता. या भिंगाने तो अंधार निमूटपणे पिऊन टाकला. हातात संत्रं फिरवणारा दलाल आणि टोपलीला टेकून जांभई देणारी बाई, दोघंही जसे होते तसे उतरले. कोणाला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी ते बोळात समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि पुढचं दुमजली घर पायरीपासून कौलांपर्यंत आत आलं. चौथ्या दिवशी दोषही सापडला. फोटोच्या कडेला जे येतं ते हे भिंग ताणतं. कोपऱ्यातलं संत्रं पपईसारखं लांबट झालं होतं.

"याचं मधात सारं बराबर हाय," त्यांनी घरी सांगितलं, "पन कडंच्या मानसाले ओढते हे."

"मंग कडंले उभंच राहू नोये," पार्बताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

पार्बताबाई म्हणजे त्यांची बायको, आणि अर्धं दुकान. लहान मुलाचा फोटो असला की त्याच हव्यात. खुर्चीशेजारी उभं राहून खुळखुळा वाजवायचा, मूल हसलं की जानरावांनी दोरी ओढायची. पण वीस वर्षांत त्या स्वतः एकाही फोटोत आल्या नव्हत्या. खुर्चीच्या डावीकडे जमिनीवर गेरूची एक रेघ होती. कॅमेऱ्याला दिसतं ते रेघेच्या आत, पार्बताबाई रेघेच्या बाहेर. सारवलं की त्या स्वतःच्या हाताने रेघ पुन्हा ओढत. लेक बार्शीटाकळीला दिली, तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आई नाही. त्या वेळी जानरावांनी विनवून पाहिलं होतं. "मले नोका घेऊ," एवढंच उत्तर आलं.

याचं कारण आपल्याला माहीत आहे, असं जानराव समजून चालले होते. दुकानातला त्यांचा पहिला फोटो त्यांच्या थोरल्याचा, नामदेवचा. दीड वर्षाचं पोर, खुर्चीत बसलेलं, उजवी मूठ घट्ट आवळलेली, मागे सगळं पांढरंशुभ्र. महिनाभरात मानमोडीची साथ आली आणि नामदेवला घेऊन गेली. फोटोने पोराचं आयुष्य ओढून घेतलं, असं गल्लीत बायका बोलल्या. तेव्हापासून पार्बताबाई फोटोला भितात, असं जानरावांनी मनाशी धरलं आणि पुढे कधी विचारलं नाही. नामदेवचा फोटो भिंतीवर राहिला. येणारे जाणारे म्हणत, काय मूठ आवळली हो पोरानं.

पाचव्या दिवशी भातकुलीहून एक कुटुंब जावळ काढलेल्या नातवाला घेऊन आलं. पेटीच्या कॅमेऱ्याने त्यांचं काम झालं. पोर खुशीत होतं, म्हणून जानरावांनी हौसेने रुंद भिंग लावलेला छोटा कॅमेराही उचलला. दुकानात सगळं नेहमीसारखं होतं, खुर्ची, खुळखुळा, रेघ. सवयीने डोळा कॅमेऱ्याच्या अंगच्याच खिडकीला लागला. डोक्यावरची खिडकी ते साफ विसरले.

दुपारी फिल्म धुऊन वाळली. पेटीच्या जुन्या कॅमेऱ्यापासून स्वतः बनवलेल्या यंत्रावर त्यांनी चित्र मोठं केलं, आणि त्यांचा हात थांबला. पोर मधोमध हसत होतं. डाव्या कडेला, रेघेच्या बाहेर, पार्बताबाई होत्या. वाकलेल्या, डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, ओठ बोबडं काहीतरी बोलताना उघडे. पोराकडे पुढे केलेला हात भिंगाने ताणून होता त्याहून बराच लांब केला होता.

जानरावांना इतका आनंद झाला की ते खाली बसले. बायको अशी दिसते हे ते रोज बघत होते, पण आता ते कागदावर होतं. आणि मग ध्यानात आलं. तिने वीस वर्षं नको म्हटलं ते आपण चोरून घेतलं. कडेचं तेवढं कापून टाकलं तर तिला कधीच कळणार नाही. कात्री टेबलावरच होती. त्यांनी ती दोनदा उचलली. पण कापलं तर पुन्हा असा फोटो या जन्मी व्हायचा नाही, आणि लपवून ठेवला तर रोज तिच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा.

शेवटी फोटो घेऊन ते मागच्या अंगणात गेले.

"अवं, चूक झाली माह्या हातून. तू नाई म्हनते, मले मालूम हाय. या भिंगाले तुही रेघ समजली नाही. फाड म्हनशीन त फाडतो."

पार्बताबाईंनी हात पुसून फोटो घेतला. उजेडाकडे धरून बघितला.

"हात केवढा लांब झाला माहा."

"कडंचं ओढते ते. तुले भेव नाही वाटत?"

"कायचं भेव?"

"नामदेवचं... फोटोनं झालं, असं लोक म्हनत."

"लोक म्हनत. म्या कधी म्हनलं?" त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "त्याच्या मुठीत माहं बोट होतं. तुमी म्हनले, हात काढ. म्या म्हनलं, सोडत नाही तो. तुमी तसाच फोटो काढला, अन् मंग काचंवर लाल रंग लावून माहा हात मिटवला. म्या उंबऱ्यात उभी होती. तवाच समजली, फोटोत माहं काम नाही. मंग रेघ ओढली."

उस्तादाचा नियम, पहिली काच, सफाईने मारलेला लाल रंग, जानरावांना सगळं आठवलं. फक्त ते बोट कोणाचं होतं हे ते विसरले होते.

ते उठून आत गेले. फळीवरच्या तळातल्या खोक्यातून त्यांनी नामदेवची काच काढली. उजेड अडवून कागद पांढरा ठेवणारा तो लाल रंग पाण्याचा. त्यांनी कापूस ओला केला आणि मुठीशेजारून हळूहळू पुसायला सुरुवात केली. लाल पाणी बोटांवरून ओघळलं, खाली काच स्वच्छ होत गेली. वाळल्यावर त्यांनी ती उन्हात उमटणाऱ्या कागदावर चौकटीत बसवली आणि चौकट अंगणात भिंतीशी ठेवली.

दोघं शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने जानरावांनी चौकटीची मागची फळी अर्धी उघडून कागद उचलला. तांबूस कागदावर खुर्ची आली होती, पोर आलं होतं. आणि कडेकडून एक तरण्या बाईचा हात आला होता, मनगटात काचेच्या चार बांगड्या. त्या हाताचं एक बोट नामदेवच्या मुठीत होतं.

पार्बताबाईंनी कागदाजवळ तोंड नेलं.

"पाहा," त्या म्हणाल्या. "म्या सांगतलं होतं न तुमाले. सोडतच नव्हता."