गाडी बघण्याचा कार्यक्रम

मला मोटारसायकलमधलं काहीही कळत नाही, ही गोष्ट मी सोडून साऱ्या गंगाखेडला माहीत आहे.

मी राहतो गंगाखेडात आणि पालमच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. मधलं अंतर रोज एसटीनं कापतो. एसटीबद्दल माझी काही तक्रार नाही. (म्हणजे आहे, पण कंडक्टर माझा जुना विद्यार्थी आहे आणि तक्रार केली की तो मला त्याला मिळालेल्या मार्कांची आठवण करून देतो.) तरी पन्नाशी जवळ आल्यावर आपल्या बुडाखाली आपली गाडी असावी, असं मला वाटू लागलं. सरळ स्कूटर घेतली असती तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण पुण्यात शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी फोनवरून निदान केलं, "बाबा, त्या रस्त्यानं स्कूटरवर तुमची कंबर जाईल. तुमाला मिडसाइज नेकेड पायजे. जुनीच बघा, नवी कशाला?"

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातला आवाज एकदम थांबला.

"काय पायजे म्हणला?" सुनंदानं आतून विचारलं. सुनंदा म्हणजे माझी बायको.

"नेकेड. गाडीचा प्रकार हाय तो. अंगावर झाकण नसतं. इंजिन, पाईप, सगळं उघडं."

"आणि तीबी जुनी?"

"वापरलेली."

"या वयात," एवढंच म्हणून सुनंदा पुन्हा भाजी हलवायला लागली.

मी मात्र अभ्यासाला बसलो. मोबाईलवर इतके व्हिडिओ बघितले की इंजिनाच्या जोरासाठीचा 'टॉर्क' हा शब्द मला घरातल्या माणसासारखा वाटू लागला. वर्गात देवगिरीचा पाडाव शिकवताना यादवांच्या घोडदळाचा टॉर्क कमी पडला, असं मी एकदा बोलून गेलो आणि पोरांनी ते उत्तरपत्रिकेत लिहिलं. (अर्धा मार्क द्यावा लागला.) गिअरची गाडी मी शेवटची कधी चालवली होती, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

शेवटी जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर ती दिसली. काळीभोर, भरल्या टाकीची, रुंद खांद्यांची. मला घाम फुटला. खाली दिलेल्या नंबरवर फोन केला.

"गाडी चारठाण्याला हाय, माझ्या दाजीच्या घरी," पलीकडचा माणूस म्हणाला. "एकाच हातची. पडलेली न्हाई, रडलेली न्हाई. येत्या रविवारी जाऊन बघून या. मामानं पाठवलं म्हणून सांगा."

"कुणाचे मामा?"

"समदे मला मामाच म्हणतेत," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी सुनंदाही निघाली. एक तर तिचा माझ्या निवडीवर विश्वास नाही (स्वतःची निवड सोडून), आणि दुसरं म्हणजे तिला चारठाण्याची जुनी देवळं बघायची होती. देवळात जायचं म्हणून तिनं ठेवणीतली साडी नेसली. मला इस्त्रीचा सदरा घालायला लावला. गाडी ठरली की जागच्या जागी पूजा करायची, ही आमच्या घरची रीत. म्हणून पिशवीत नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि पेढ्यांचा बॉक्स. आता या अवतारात एखादं जोडपं दारात उभं राहिलं तर ते कशाला आलंय असं कुणाला वाटेल, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

परभणी, जिंतूर अशा बस बदलत आम्ही चारठाण्याला पोचलो. दाजींचं नाव बसलिंगअप्पा. गावात त्यांचं किराणा दुकान. घरापुढं सडा शिंपडलेला, दारात रांगोळी, ओसरीवर नवी सतरंजी. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे आणि अंगात कडक पांढरा सदरा घालून अप्पा स्वतः दारात उभे होते. जुनी गाडी विकताना रांगोळी काढणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी अगदी भारावून गेलो.

"मामांनी पाठवलं," मी म्हणालो. "बघायला आलोत."

"या, या. लवकर आलात जरा. बसा," म्हणत अप्पांनी माझा हात धरूनच मला सतरंजीवर बसवलं. पिशवीतून डोकावणारा नारळ बघून त्यांचा चेहरा खुलला. "मुलगा न्हाई आला?"

"तो पुण्याला असतो. त्याला कुठं सवड. आमीच बघून ठरवणार."

"बरोबर हाय. मोठ्यांनीच बघावं."

पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी सुनंदाच्या कानात म्हणालो, "बघ, माणसं किती चांगली हायत. गाडीपण अशीच ठेवलेली असणार." मग घसा साफ करून मुद्द्याला आलो. "अप्पा, गाडी कुठं हाय?"

अप्पांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कसली गाडी?"

"तुमच्या घरची. मोटारसायकल."

"आमच्या घरात मोटारसायकल न्हाई. बिलकुल न्हाई. कुणी सांगितलं?"

"मामांनीच."

"त्याला अक्कल न्हाई," अप्पा म्हणाले आणि उपरण्यानं मान पुसू लागले.

आता कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. पण मी व्हिडिओ बघून आलेला माणूस! विकणारा आधी आढेवेढे घेतो, मग भाव चढवतो, हे मला तोंडपाठ होतं. मी मांडी बदलली आणि एकेका शब्दावर जोर देत म्हणालो, "अप्पा, आपल्याला झाकलेलं काही नको. जे हाय ते उघडं बघायचं, असा आपला स्वभाव हाय."

अप्पांचं तोंड उतरलं. त्यांची नजर नकळत अंगणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं ताडपत्री टाकलेला एक ढीग होता, त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या.

"तिकडं काय हाय?" सुनंदानं विचारलं.

"कडबा हाय. जनावराला."

"कडब्याला आरसा असतो का हो अप्पा?"

खरंच, दोन पेंढ्यांच्या मधून एक गोल आरसा बाहेर आला होता आणि त्यात आमचे तिघांचेही चेहरे दिसत होते. त्यातल्या त्यात वाईट अप्पांचा होता.

अप्पा खालीच बसले. "हाय," ते हळू म्हणाले. "गाडी हाय. लेकीची हाय. चालवती ती. जनावरांची डॉक्टर हाय ना, गावोगाव जावं लागतंय. लोकं म्हणतेत, फटफटीवर फिरणारी पोरगी कोण करील? म्हणून झाकली. चुकलं असंल तर माफी करा, पण हा आमच्या इज्जतीचा सवाल हाय."

मला त्यातलं निम्मंच कळलं, पण मन भरून आलं. एका डॉक्टरच्या हातची गाडी! मी त्यांचा हात धरला. "अप्पा, काय बोलताव हे? गाडी हाय म्हणून तर आमी आलोत. गाडी नसती तर आलोच नसतो."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तुमाला गाडी चालती?"

"नुसती चालून कसं चालंल? पळाली पायजे."

यानंतर जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, कोपऱ्यात गेले आणि त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी स्वतःच्या हातांनी एकेक पेंढी बाजूला फेकू लागले. फेकता फेकता बोलत होते. "आईमाघारी वाढवली मी तिला. नदीला पाणी आलं की जीप अलीकडं थांबती, ही पलीकडच्या तांड्यावर असती. लोकांच्या म्हशी हिच्या आवाजानं कान टवकारतेत. आन मी बाप असून तिची गाडी कडब्यात घातली." ताडपत्री निघाली आणि ती समोर आली. फोटोपेक्षा देखणी, अंगावर चिखलाचे डाग, मागं औषधाच्या पेटीची पकड. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बापाला की गाडीला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"गिरिजा, बाहेर ये," अप्पांनी हाक दिली.

हातात चहाचा ट्रे आणि डोक्यावर पदर घेऊन एक उंच मुलगी दारात आली. उघडी पडलेली गाडी बघून जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, "मी जरा चालवून बघू का?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीवर टांग टाकली.

साइड स्टँड काढेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. स्टँड निघाला, आणि गाडीचं वजन व्हिडिओत दिसत नाही, हे मला कळलं. ती सावकाश, एखादी म्हातारी बाई ओसरीवर टेकावी तशी, डावीकडे कलली आणि आम्ही दोघंही कडब्यात गेलो. वर ती होती.

गिरिजानं ट्रे सुनंदाच्या हातात दिला, पदर खोचला, आणि हँडल व सीट धरून गाडी अशी उभी केली की मी तोंडातला कडबा काढायचं विसरलो. मग आत गेली, पंजाबी ड्रेस आणि बूट घालून आली. "बसा मागं, काका. मी दाखवते."

मी बसलो. आणि तेव्हा मला कळलं की गाडी चालवणं म्हणजे काय. गल्लीच्या वळणावर शेळी आडवी आली तर ब्रेक न दचकता लागला. खड्डा मला दिसायच्या आत तिनं चुकवलेला असायचा. बाजारातून जाताना दुकानदार उठून उभे राहत होते. एका म्हाताऱ्यानं हात करून थांबवलं, "डॉक्टरीणबाई, वासरू दूध पीत न्हाई." तिनं इंजिन चालू ठेवूनच दोन प्रश्न विचारले, औषध सांगितलं, आणि पुन्हा निघाली. तिच्याबद्दल मला इतका आदर वाटला की मी तिच्या औषधाच्या पेटीची पकड दोन्ही हातांनी घट्ट धरली. (त्यात थोडी भीतीही होती.)

जुन्या देवळापाशी तिनं वेग कमी केला. "काका, तुमचा मुलगा काय करतो?"

"इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय."

गाडी थांबली. "दुसऱ्या वर्षाला? मग लग्नाची एवढी घाई?"

"कुणाच्या लग्नाची?"

"मला बघायला आलात ना तुमी?"

"मी गाडी बघायला आलोय. मामांनी विकायला काढली ती."

ती वळून माझ्याकडे बघू लागली. आधी हसली, मग एकदम हसायची थांबली. "माझी गाडी विकायला काढली?" तिनं विचारलं. स्थळ येणार म्हणून मामांनी ती परस्परच विकायला काढली होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आयुष्यभर लढायांची कारणं शिकवत आलो, पण लढाईचं कारण स्वतःच्या तोंडानं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. परतीच्या वाटेवर तिनं गाडी जशी पळवली, त्यावरून टॉर्क म्हणजे काय ते मला एकदाचं समजलं.

घरापुढं जीप उभी होती. खरे पाहुणे आले होते. ओसरीवर मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्याबाई बसल्या होत्या. सुनंदानं मधल्या वेळात अप्पांना आम्ही कोण ते सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. आणि त्या सगळ्यांच्या समोर, धुरळा उडवत, त्यांची लेक गाडीवरून अंगणात आली. मागं मी, डोक्यात कडबा.

"ही कोण म्हणायची?" आत्याबाईंनी विचारलं.

अप्पा उठले. ताडपत्री त्यांच्या पायाशीच पडली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. त्या क्षणी मला गाडीशी काही घेणंदेणं राहिलं नव्हतं. या माणसानं आता पुन्हा झाकाझाकी करू नये, एवढंच वाटत होतं.

"माझी लेक," अप्पा म्हणाले. "गाडीबी तिचीच हाय. रोज चालवती, पुढंबी चालवणार. आधीच सांगून ठेवतो."

मग तो मुलगा सतरंजीवरून उठला, चपला न घालताच अंगणात आला, गाडीला एक चक्कर मारली आणि गिरिजाला पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?"

गिरिजानं सांगितलं. त्याला पटलं नाही. दोघं तिथंच वाद घालत उभी राहिली आणि आत्याबाईंनी सुस्कारा सोडून पोह्यांची बशी जवळ ओढली. पेढे सुनंदानं तिथंच वाटून टाकले.

निघताना माझ्यातला गिऱ्हाईक पुन्हा जागा झाला. (माणसाला लाज असावी, पण गाडी फार देखणी होती.) मी अप्पांना म्हणालो, "समजा कधी द्यायचीच झाली तर?"

"तिला विचारा. मालकीण ती हाय."

गिरिजानं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं. नोकरी कुठं, विचारलं. जायची यायची वाट कशी, विचारलं. घर स्वतःचं का, दारात सावली हाय का, तेही विचारलं. पोटाकडे बघितलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "घरी विचारून कळवते, काका."

मी खुशीत बसमध्ये बसलो. जिंतूर येईपर्यंत सुनंदानं माझी खुशी बघून घेतली. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, कळवते म्हणजे न्हाई."

आमच्या लग्नाच्या वेळी मी एकच मुलगी पाहिली आणि तिकडून लगेच होकार आला होता, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला माहीत असायचं कारण नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिला नकार आला, तो मोटारसायकलकडून.