पाण्याची किटली

आक्काला रिकाम्या हातांनी चालताना कुणी पाहिलं नव्हतं. शेजारी मीठ मागायला जातानासुद्धा तिच्या काखेत निवडायच्या ज्वारीचं सूप असायचं. "मोकळ्या हातानं हिंडायला मी काय पावणी हाय?" असं ती म्हणायची. आक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती वडगाव निंबाळकरला आमच्याकडे राहायला आली. तिला घरात कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण भावाच्या घरचा घास कामानं फेडायचा असतो, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बारामतीला कॉलेजात जात होते. आक्काच्या पायांना मुंग्या यायला लागल्या म्हणून मी तिला एसटीनं तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. साखर निघाली.

"रोज चालायचं," डॉक्टर म्हणाले.

"दिवसभर राबतीच की मी."

"ते काम झालं. हे नुसतं चालायचं, मध्ये दुसरं काही न करता. पण एकदम लांब जाऊ नका, हळूहळू वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर समजा, जास्त झालं."

चोरी करायला सांगितल्यासारखा चेहरा करून ती बाहेर आली. परतीच्या एसटीत तिनं एवढंच विचारलं, "वहिनी भाकऱ्या थापत असताना मी रस्त्यानं हिंडायचं व्हय गं?"

तोडगा तिचा तिनंच काढला. माळ्यावरची जुनी दुधाची किटली खाली आली. हातात किटली असली की बाई डेअरीला निघालीय असं वाटतं, कुणी काही विचारत नाही. पहिल्या दिवशी मी हौसेनं तिला थेट कालव्याच्या पुलापर्यंत न्यायला निघाले, तर ती विजेच्या खांबापाशीच थांबली. "नव्या खोंडाला पैल्याच दिशी नांगराला जुपत न्हाईत," म्हणाली आणि मागे वळली. काही दिवस खांब, मग पंपाची खोली, मग चिंच, आणि दिवाळी उलटल्यावर पूल.

चालताना बोलायचं म्हणजे काय, याचा अर्थही तिनं आपल्या परीनं लावला होता. घरी राहिलेली कामं ती मोठ्यानं म्हणत चालायची. "डाळ निवडायची हाय. गोवऱ्या उलथायच्या हायत. म्हशीला आंबोण घालायचं हाय." शब्द तुटायला लागले की पाय आवरता घ्यायची. मला हसू यायचं, पण तिच्या तोंडाकडं पाहिलं की ते तिथंच जिरायचं. ती खरोखरच घरादाराची माफी मागत चाललेली असायची.

आता, रिकामी किटली खडखडते. ते कुणाच्या कानावर पडू नये म्हणून आक्का तिच्यात हापशाचं पाणी भरायला लागली, आणि तिथंच घोटाळा झाला. हापशावर किटली भरून डेअरीच्या रस्त्याला लागलेली बाई दुधावर जगणाऱ्या गावाला दिसली, तर गाव काय समजणार? एका संध्याकाळी डेअरीत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दूध सगळ्यांदेखत बाजूला काढून तपासलं. दूध चोख निघालं, तरी दादा मान खाली घालून घरी आले. "आपल्या दुधात पाणी पडतंय म्हंत्यात," जेवताना ते एवढंच बोलले. आक्कानं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं चालणं बंद झालं. मुंग्या परत आल्या. एकदा चुलीतला निखारा तिच्या पायाखाली आला, तर तिला कळलंही नाही. आईनं तिला ओढून बाजूला केलं आणि तो फोड बघून रडायलाच लागली. आक्का म्हणाली, "माझ्यापायी तुला आता पट्टी बांधायचंबी काम लागलं." तेव्हा मी आईला पाण्याच्या किटलीचं सगळं सांगितलं.

जखम भरल्यावर आई म्हणाली, "वन्सं, उद्यापासून चालायला लागा."

"आदी भावाचं नाव धुऊन येती," आक्का म्हणाली.

संध्याकाळी डेअरीत रांग लागलेली असताना ती भरली किटली घेऊन पुढं गेली आणि सगळ्यांसमोर तिनं ती मातीत उपडी केली. "बघा, पाणीच हाय. आमच्या दुधात कदी पडलं न्हाय. मला साखर हाय, डॉक्टरनं चालाय सांगितलंय. मोकळ्या हातानं चालायची लाज वाटती म्हणून हे सोंग केलं."

रांगेत दादाही होते. त्यांनी पुढं होऊन किटली तिच्या हातातून घेतली. दूध मापणारा म्हणाला, "आक्का, मग आता मोकळ्याच चाला की. समद्यांना ठावं झालं."

"तुमाला ठावं झालं. माज्या हाताला कुठं झालंय?"

पुढं ती चालत राहिली, रिकामी किटली खडखडवत. माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. आता मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चांगले बूट आहेत, मैदान आहे. तरीही कुणीतरी घरी राबत असताना मी उगाच फिरतेय, या विचारानं माझी मान खाली जाते. म्हणून मी हातात पिशवी घेते आणि गरज नसताना कोथिंबीर आणते. आक्कानं मला चालणं शिकवलं आणि नकळत हा अपराधीपणाही हातात दिला.

तिला शेवटचं पाहिलं ते एसटीच्या थांब्यावर. मला घालवायला ती पुलाच्याही पुढं आली होती, आणि हात मोकळे होते. "किटली कुठंय?" मी विचारलं. "आज कशाला? तुला घालवायचं काम हाय की." एसटी हलली. मी खिडकीतून मागं पाहत राहिले. ती वळली, दोनचार पावलं टाकली आणि थांबली. मग वाकून तिनं रस्त्याकडेची एक वाळकी काटकी उचलली, आणि घराकडे चालू लागली.