सर्वानुमते मंजूर

माझ्या वडलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांना सारं गाव इश्वरभाऊ म्हणतं. सरपंचकी सोडून त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण ग्रामसभेतली हात टेकायच्या हत्त्यांची खुर्ची त्यांचीच राहिली. आताचा सरपंच कैलाश बाजूला स्टुलावर बसायचा आणि मोठेबाबा बोलले की मान हलवायचा.

मोठेबाबांना एकाच गोष्टीचं वेड होतं, एकमताचं. सरपंच असताना त्यांनी गावाला तसं वळणच लावलं. ठराव वाचला की हात वर करायला सांगायचे. जास्तीचे हात कुठे आहेत ते दिसलं की उरलेल्यांकडे बघून गोड हसायचे आणि म्हणायचे, "आता तुमीबी करा ना बाप्पा वर. गाव एक दिसू द्या." मग उरलेलेही करायचे. ग्रामसेवक 'सर्वानुमते मंजूर' लिहायचा आणि चहा यायचा. नळ कुणाच्या दारात बसवायचा इथपासून दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, नाचगाण्याची दंडार कुणाची आणायची इथपर्यंत सगळं असंच ठरलं. शेजारच्या गावांत निवडणुकीपायी डोकी फुटायची, सख्खे भाऊ बोलेनासे व्हायचे. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा. आता 'सर्वानुमते' हा शब्द कानावर पडला तरी माझं डोकं तापतं.

त्यांच्याशी वाद घालणारा एकच माणूस होता, त्यांचा बालमित्र चंद्रकुमार. भंडाऱ्याच्या कोर्टात कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि शहापूरला घर बांधून राहिले. मतदारयादीत नावही तिकडेच, पण सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला दरवर्षी आमच्या गावात हजर. झेंडावंदन झालं की शाळेच्या ओट्यावर दोघं जिलेबी खात बसायचे आणि तोच तो वाद उकरून काढायचे.

"इश्वर, आज कायचा दिवस आहे?"

"लोकशाहीचा."

"गणराज्याचा. लोकशाही त रोजचीच आहे."

"दोन्ही एकच होय ना बे."

"एक कसं? लोकशाहीत जास्तीचे हात जितते. गणराज्यात त्या हाताईच्याही वर कायदा रायते. तो जास्तीच्या लोकाईले म्हनते, हे काम तुमच्या हातचं नाही."

"म्हंजे एकट्या मानसापायी अख्खं गाव अडवाचं?"

"कधी कधी अडवा लागते."

"मंग गाव कायचं ते?" म्हणत मोठेबाबा उरलेली जिलेबी तोंडात टाकायचे. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, पण या दोघांनी माझं मत कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मोठेबाबांच्याच बाजूनं बोलले असते, इतका माझा त्यांच्यावर जीव होता.

मोठेबाबा आणि मोठाई, म्हणजे धुरपताबाई, यांना एकच लेक झाली. हर्षा. नुकते पाय फुटले होते, बाबांच्या मागं मागं फिरायची, आणि एका तापात गेली. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीला लागून एक मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली लेकरांची जागा होती. हर्षाला तिथं ठेवलं. त्यानंतर त्यांच्या घरात पाळणा हलला नाही.

मोठेबाबा पुन्हा त्या बाजूला फिरकले नाहीत. मोठाई मात्र जायची. दरवर्षी नवा धान घरात आला की त्याचे मुरमुरे फोडायची आणि पहिली मूठ मोहाखाली ठेवून यायची. पोरीला मुरमुरे आवडायचे. चैतात मोहफुलं वेचायच्या निमित्तानं पहाटेच जाऊन बसायची आणि टोपली भरली तरी उठायची नाही. आम्ही पोरी हाक मारायला गेलो की म्हणायची, "थांबा वं, बसली आहो ना जराशी."

गेल्या वर्षी गावाला सभामंडप मंजूर झाला. गावाला त्याची गरज होती, ते मी नाकारत नाही. लग्नाचे मांडव भर रस्त्यात पडायचे, पावसात मयताची माणसं झाडाखाली भिजत उभी राहायची. सरकारी मोकळी जागा म्हणाल तर ती एकच, बोडीच्या पाळीजवळची. मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाणार होता. आता लेकरं दवाखान्यात जन्मतात आणि देवाच्या दयेनं जगतात. त्या मोहाखाली कोण आहे, हे नव्या सुनांना ठाऊकच नव्हतं.

ग्रामसभेच्या आदल्या दुपारी चंद्रकुमारकाका घरी आले. भंडाऱ्याला राहायला गेलेली मीही आले होते. मोठाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती.

"इश्वर, उद्या हात वर नोको करू," काका म्हणाले. "एकाचाही विरोध लिवून आला तं मी वर अर्ज करतो. लेकरं पुरल्याची जागा आहे, सांगतो. सर्वानुमते लिवलं तं मंग कोनी आयकनार नाही. माहं मत अठी नाही, ह्या पोरीचंही नाही. तुलेच करा लागन."

मोठाईच्या हातातलं सूप थांबलं. "तुमी सांगा ना गावाले," ती म्हणाली. "तुमचं आयकते गाव."

"पाहू," मोठेबाबा म्हणाले. त्यांच्या 'पाहू'ला ती जन्मभर 'हो' समजत आली होती. तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, बुंदीचे पुडे वाटले गेले. ग्रामसभेला कधी न येणारी मोठाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायांच्या सतरंजीवर पुढं येऊन बसली. कैलाशनं सभामंडपाच्या जागेचा ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. भराभर हात वर गेले. मग सगळे मोठेबाबांकडे बघू लागले. मोठेबाबा त्या हातांकडे बघत होते. मी भिंतीशी काकांच्या शेजारी उभी होते आणि मनात म्हणत होते, नको, आज नको. त्यांचा हात हळूहळू वर गेला. त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

ग्रामसेवक अंकुशनं सभेवरून नजर फिरवली. "धुरपताबाईचाच राहिला फक्त."

"माही पोरगी हाये तेथं," मोठाई म्हणाली. "मी नाही देत."

तिच्या मागं म्हातारी रंभाबाई बसली होती. तिचंही एक लेकरू त्या मोहाखाली होतं. तिनं आपला हात हळूच खाली घेतला. आणखी एक-दोन हात डळमळले. मला वाटलं, जागा वाचली.

कैलाश गडबडला. "इश्वरभाऊ, आता तुमीच सांगा. तुमच्याच घरचा विरोध लिवाचा का?"

मोठेबाबा उठले. बायांच्या सतरंजीपाशी जाऊन मोठाईसमोर उकिडवे बसले. उरलेल्यांकडे बघून हसायचे तसंच हसले. "धुरपता, गाव एक दिसू दे," म्हणाले, आणि तिचं मनगट धरून तिचा हात वर केला.

तिनं हात ओढून घेतला नाही. काकणं कोपराकडे घसरली, तेवढा आवाज झाला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. रंभाबाईनं आपला हात पुन्हा वर केला. अंकुशनं लिहिलं आणि चहा आला.

काकांनी चहा घेतला नाही. निघताना मोठेबाबांना म्हणाले, "तू आज दोनदा हात वर केला." त्यानंतर ते गावात आले नाहीत.

फेब्रुवारीत जेसीबी आला. मोह पाडला त्या दिवशी मोठाईनं घरचं दार लावून घेतलं. ती मोठेबाबांशी भांडली नाही. आजही बोलते. जेवा म्हणते, पांघरूण घ्या म्हणते. पण हर्षाचं नाव त्यांच्यासमोर काढत नाही. माझ्याजवळ काढते, आणि ते आत आले की विषय बदलते. लेक दोघांची होती, ती आता तिनं एकटीची करून घेतली आहे. मला मोठेबाबांचा राग येतो आणि त्यांच्याकडे पाहिलं की रडू येतं, दोन्ही एकदमच.

एक मेच्या ग्रामसभेत रस्त्यावरच्या दिव्यांचा ठराव होता. सगळ्यांचे हात वर, मोठेबाबांचा खाली. "माहा विरोध लिव," ते अंकुशला म्हणाले. "दिव्याले विरोध? काहून, भाऊ?" "लिव म्हनतो ना." पंधरा ऑगस्टला पाण्याची टाकी धुण्याला विरोध. दोन ऑक्टोबरला आणखी कशाला तरी. लोक आधी हसले, मग म्हातारा चळला म्हणू लागले. हत्त्यांच्या खुर्चीवर आता कैलाश बसतो.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला ग्रामसभा नव्या सभामंडपात भरली. मोठेबाबा आत गेले नाहीत. पायरीखाली चपला काढून उन्हात उभे राहिले. आतून कैलाशनं हात वर करायला सांगितलं, तेव्हा बाहेरूनच ओरडले, "माहा विरोध लिवा!" पोरंसोरं खिदळली. मी त्यांच्यासोबत घरी आले. दारात चपला काढता काढताच त्यांनी आत आवाज दिला.

"धुरपता, आजही सर्वानुमते नाही झालं. होऊ नाही देल्लं मी."

मोठाई चुलीपाशी नव्या धानाचे मुरमुरे फोडत होती. पहिली मूठ तिनं परातीत एका बाजूला काढून ठेवली होती. ती आता कुठं ठेवायची, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"आता कायले?" ती म्हणाली.

मोठेबाबा उंबऱ्यातच उभे राहिले. मग खाली वाकले आणि चपला पुन्हा पायात घालू लागले.