लाल केबल आणि अण्णांची पिशवी

त्याचं खरं नाव विचारलंत तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. सगळे त्याला सुतळी म्हणत. एक तर अंगाने तसाच होता, शर्ट खुंटीला अडकवावा तसा खांद्यावर लटकलेला. आणि दुसरं म्हणजे त्याची कामाची रीत.

लोकांच्या गाड्यांत गाणी वाजवायचं सामान बसवून देणं हा त्याचा धंदा. साधा रेडिओ नव्हे, तर शेजारच्या गाडीतल्या माणसाच्या छातीत धडधडेल असा आवाज. आता गाडीची बॅटरी असते पुढे बॉनेटखाली, आणि आवाज वाढवणारा डबा, ज्याला तो ॲम्प म्हणे, तो मागे डिकीत. या दोघांच्या मध्ये अंगठ्याएवढी जाड लाल केबल न्यायची, आणि तीही अशी की आत बसणाऱ्याला तिचा रंगसुद्धा दिसता कामा नये. बाकीचे लोक पत्र्याला भोक पाडून मोकळे होत. हा नाही. गाडी बनवणाऱ्याने जिथे कुठे रबरी बूच लावलेलं असेल तिथूनच हा वाट काढायचा. आधी सायकलच्या ब्रेकची तार सरकवायची, तारेच्या मागून सुतळी, सुतळीला केबल, आणि मग डिकीत बसून हळूहळू ओढायचं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात ना, अगदी तसं. शिकला होताही तिथेच. लहानपणी घरातल्या समस्त बायकांच्या नाड्या ओवायचं काम याच्या गळ्यात असे, कारण बोटं काडीसारखी आणि चिकाटी कोळ्याची.

त्याचे हट्ट दोनच. गाडीला नवं भोक पाडायचं नाही आणि केबलला मध्ये सांधा द्यायचा नाही. कुणी म्हणालंच की तुकडे जोडून चालवून घे, तर हा सांगे, गालिच्याखाली सांधा ठेवला की मला घरी झोप लागत नाही.

ही खोड घरातही होतीच. कपडे धुवायच्या यंत्राचा पाइप त्याने असा बेमालूम लपवून नेला होता की तो गळायला लागला तेव्हा दोन दिवस सगळे पाणी पुसत होते आणि पाइप काही सापडेना. शेवटी त्यालाच विचारलं, तर तोही विसरलेला. लग्नाआधी पहिल्यांदा बायकोच्या घरी गेला तेव्हा म्हणे तिच्याकडे बघायच्या आधी त्याने दारावरच्या घंटीची लोंबती वायर बघितली, आणि चहा येईपर्यंत खुर्चीवर चढून ती नीट केली. बायको अजून सांगते, "मला पसंत केलं की घंटीला, ते मला अजून कळलेलं नाही."

पण त्या दिवशी खुर्ची धरून उभा होता तो तिचा बाप. तेव्हापासून या दोघांचं जमलं ते जमलंच.

अण्णा, म्हणजे सुतळीचे सासरे, जन्मभर लिफ्टमन होते. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट, आत एक स्टूल आणि स्टुलावर अण्णा. माणसं येत, मजला सांगत, अण्णा नेऊन सोडत. निवृत्त झाले, कान गेले, पोरींची आई गेली, आणि ते धाकट्या मुलीकडे, म्हणजे सुतळीच्या घरी, राहायला आले. तिथे त्यांना सुतळीची जुनी गाडी सापडली. चहा झाला की अण्णा जाऊन पुढच्या डावीकडच्या सीटवर बसत. गाडी कुठे जायची नसे. अण्णा दार लावून घेत, समोर बघत, हात गुडघ्यांवर. बाजूने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला काच खाली करून विचारत, "कुठला मजला?" लोकांना आधी धक्का बसे, मग सवय झाली. पोस्टमन तर न थांबता "तिसरा" म्हणून पुढे जाई.

शिवाय सुतळी काम करत असला की उजेड दाखवायची बॅटरी अण्णांच्या हातात. उजेड कधीच हव्या त्या जागी पडायचा नाही, पण टीका मात्र बरोबर पडायची.

एक मात्र होतं. जगाच्या गाड्या वाजवणाऱ्या सुतळीच्या स्वतःच्या गाडीत साधा भोंगाही धड वाजत नव्हता. अण्णा रेडिओ कानाला लावून कंटाळायचे आणि म्हणायचे, काही ऐकू येत नाही, नुसती मुंगी चालते. तेव्हा सुतळीने शब्द दिला होता, "अण्णा, आपल्या गाडीत असं बसवतो की कान नसले तरी ऐकाल." शब्द दिला आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत तो मागे मागे सरकत गेला.

आणि मग थोरल्या मुलीचा निरोप आला. रविवारी अण्णांना न्यायला येतो, आता आमची पाळी.

तसं बघायला गेलं तर वावगं काही नव्हतं. थोरल्या जावयाचं गाद्यांचं दुकान. घर मोठं, अण्णांना स्वतंत्र खोली, दर ऋतूला वेगळी गादी. इथे अण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपत आणि सकाळी उठताना कॉट अशी करकरे की शेजारी घड्याळ लावून घेत. पण थोरलीच्या इमारतीत लिफ्ट होती. बटणांची. मागच्या वेळी अण्णा तिथे राहायला गेले ते स्टूल घेऊन थेट लिफ्टमध्ये जाऊन बसले. कुणाला बटणाला हात लावू देईनात. रहिवाशांची सभा भरली आणि ठरलं की आजोबांनी लिफ्टमधून जावं, पण लिफ्टमध्ये राहू नये. अण्णांनी स्टूल उचलून परत आणलं. खोलीत गादीवर बसून राहिले, आणि खंगले.

या खेपेलाही त्यांना कुणी विचारलं नाही. सांगितलं, तर ते "हं" म्हणाले. सुतळीला वाटत होतं आपण बोलावं. पण जावई पडला. सासऱ्याला ठेवून घेतो म्हणावं, तर मेव्हणीला वाटायचं आमच्या बापावर याचा काय डोळा आहे. तेव्हा तो बोलला नाही. शनिवारी दुकान बंद ठेवलं आणि स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. निदान दिलेला शब्द तरी अण्णा जायच्या आत पुरा करायचा.

अण्णा गाडीत बसलेलेच होते. उतरा म्हटलं तर ऐकू आलं नाही. त्यांना जे ऐकायचं नसे ते त्यांना मुळीच ऐकू येत नसे. भरलेली पिशवीही बरोबर होती. पिशवी म्हणजे अण्णांनी स्वतः शिवलेली, सीटकव्हरच्या कापडाची, आणि तिला बंद कसले, तर मोडीत काढलेल्या गाडीच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांचे. ती पिशवी फाटायच्या आधी अण्णा फाटले असते.

मग सुतळीने अण्णांच्या भोवतीनेच काम मांडलं. बॅटरीची तार सोडली. पुढचा पत्रा धुंडाळून बूच शोधलं आणि तिथून लाल केबल आत घातली. ती अण्णांच्या पायाशी सापासारखी डोकावली. दारांच्या कडेच्या लांब प्लॅस्टिकच्या पट्ट्या उचकटून गालिच्याखालून डिकीपर्यंत सुतळी टाकली. "पाय उचला," म्हटलं की अण्णा एक पाय उचलत, आणि तो नेमका नको असलेला असे.

सुतळीचं पुढचं टोक अण्णांच्या हातात देऊन तो ओरडून म्हणाला, "केबलला गाठ मारा. मी मागून ओढतो."

गाठीत अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुतळी डिकीत जाऊन बसला. पुढून दोन टकटक आल्या, म्हणजे गाठ झाली. तो ओढू लागला. केबल आली, मध्येच अडली, पुढे काहीतरी खसफसलं, आणि मग लोण्यातून सुरी जावी तशी सरळ आली. खूश झाला तो. पुढे येऊन बघतो तर अण्णांनी पायाजवळची पट्टी आपल्या हाताने ठोकून बसवलीसुद्धा होती. पिशवी तिथेच पायाशी, वर अण्णांची शाल. सुतळीला अभिमान वाटला. ॲम्प लावला, मागचं सीट चढवलं, फक्त बॅटरीजवळचा फ्यूज तेवढा घालायचा ठेवला. तो शेवटी घालायचा असतो, तो घातल्याशिवाय सगळं मुकं. सकाळी अण्णांच्या समोर घालू म्हणाला.

सकाळी फ्यूजच्या आधी साडूच आले, थोरलीला घेऊन. गाद्यांच्या माणसाला झोप कमी. चहा झाला, अण्णा सवयीने गाडीत जाऊन बसले, आणि साडू म्हणाले चला, ती पिशवी माझ्याकडे द्या. वाकून त्यांनी पिशवी उचलली. पिशवी वीतभर वर आली आणि थांबली. साडूंनी जोर लावला. गाडी हलली, पिशवी नाही.

सगळे जमले. सुतळीने पट्टीच्या फटीत बोट घालून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. लाल केबल पिशवीच्या दोन्ही बंदांतून ओवलेली होती. एकातून जाऊन दुसऱ्यातून बाहेर, नेफ्यातल्या नाडीसारखी.

"काय झालं?" साडूंनी विचारलं.

"पिशवी गाडीत गेली," सुतळी म्हणाला.

मग चर्चा झाली. साडूंनी स्वयंपाकघरातली कात्री आणवली. सीटबेल्टच्या पट्टीवर ती चालवली, तर पट्टी होती तशीच आणि कात्री मात्र कायमची तिरळी झाली. मग साडू म्हणाले, केबल कापा. सुतळीने आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या साडूकडे नजर वर करून बघितलं आणि सांगितलं की केबल कापलीत तर आपलं साडूपणही तिथेच कापलं असं समजा. मग थोरलीला सुचलं ते सरळ होतं. पिशवी राहू दे, आतले कपडे काढून घेऊ. ती खाली बसून कपडे काढू लागली. सदरा काढून सीटवर ठेवला. टॉवेल ठेवला. तिसरा नग काढेपर्यंत अण्णांनी सदरा घडी करून परत पिशवीत घातला होता. ती काढत होती, ते भरत होते. बराच वेळ बापलेकीचं हे चाललं. शेवटी पिशवी पहिल्यापेक्षा जास्त भरलेली दिसायला लागली, कारण साडूंचा रुमालही आत गेला होता.

साडू सुतळीकडे वळले. "साडूबुवा, खरं सांगा. ही केबल सोडवायला किती वेळ लागेल?"

खरं म्हणजे तासाभराचं काम. मागचा एक स्क्रू ढिला करायचा, तीन पट्ट्या उचकटायच्या आणि केबल उलटी ओढून घ्यायची. कामाच्या बाबतीत सुतळी कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता. त्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते, हात गुडघ्यांवर, कचेरीतला मोठा साहेब लिफ्टमध्ये शिरल्यावर लिफ्टमन बघतो तसे. फक्त कानाची पाळी लाल झाली होती.

"सगळी गाडी खोलावी लागेल," सुतळी म्हणाला. "इंजिनसकट. आणि खोललेली परत जुळेल असं मी सांगू शकत नाही."

त्याच्या बायकोने चटकन त्याच्याकडे बघितलं. घरातला लपलेला पाइप दोन दिवस शोधलेली बाई ती, नवऱ्याने काय लपवलंय हे तिला कळणार नाही कसं? पण ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, आता जेवूनच जा."

थोरली मात्र गाडीच्या दारात उकिडवी बसून होती. हातात बापाचा एक मोजा. तिने तो पिशवीत परत ठेवला आणि अण्णांच्या कानाशी तोंड नेलं.

"अण्णा, तुम्हाला यायचंय का आमच्याकडे?"

हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. आणि हे अण्णांना स्वच्छ ऐकू आलं.

"पिशवी आली तर येतो," अण्णा म्हणाले.

थोरली आधी हसली, मग तिने डोळे पुसले, मग पुन्हा हसली. म्हणाली, आमच्या लिफ्टपायी तुम्ही स्वतःला गाडीला शिवून घेतलंत होय? अण्णांनी पिशवीवरची शाल सारखी केली. साडूंनी मात्र गादीचा विषय काढला, की गादी तयार आहे तिचं काय. थोरली म्हणाली ती इकडे पाठवून द्या, कॉटवर मावेल.

मग सुतळीने बॉनेट उघडून फ्यूज घातला. सगळे गाडीत बसले, साडूसुद्धा, गुडघे हनुवटीला लावून. गाणं लागलं. काचा थरथरल्या, आरसा वाकडा झाला, पिशवी आपोआप नाचायला लागली. अण्णांनी दोन्ही तळवे सीटवर टेकवले. तोंड जरा उघडं राहिलं.

"चढतेय," ते म्हणाले. मग मागे वळून साडूंना विचारलं, "कुठला मजला?"

साडूंनी आधी बायकोकडे बघितलं. बायकोने कोपर मारल्यावर म्हणाले, "तळमजलाच ठेवा. जेवायचंय."

पिशवी अजून तिथेच आहे. सुतळीला सोडवायला फुरसत मिळालेली नाही. अण्णांचे कपडे तीतच असतात, त्यामुळे आंघोळ झाली की कुणीतरी गाडी न्हाणीघराच्या खिडकीखाली आणून लावतं. साडूंचा रुमाल मात्र काही सापडला नाही.