काठावरचा राघू

मलगोंडा आप्पांनी प्रूफ हातात घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं आणि मला विचारलं, "ह्यो पोपट जिना चढालाय काय रं?"

आप्पा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या नव्या विडीच्या बंडलावर चिकटवायचं लेबल मी काढलं होतं. माझं पहिलंच. प्रूफ म्हणजे पक्की छपाई करण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. तो नापास झाला तर मीही नापास, हे प्रेसच्या मॅनेजरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते शेजारीच उभे होते आणि आता माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत होते.

मी शहापूरचा विणकर. लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटींच्या कागदावर काढून देण्यात माझा हात बसलेला. पण मिलचं कापड स्वस्त झालं आणि आमच्या गल्लीतले माग एकेक करून थंडावले. चित्रकलेचा डिप्लोमा घ्यायचा तर मुंबईला जाऊन चार-पाच वर्षं काढायची. मी पस्तिशीचा, घरात तीन पोरं. शेवटी नक्षीच्या कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि बेळगावच्या या प्रेसमध्ये येऊन उभा राहिलो. मॅनेजरांनी सर्टिफिकेट मागितलं. मी गुंडाळी उलगडली. त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, पंधरा दिवस बघू, एक लेबल पास करून दाखवा. घरी मागाची लाकडं सोडवून माळ्यावर टाकली होती. परत जाण्यासारखं मागं काही उरलं नव्हतं.

आता त्या जिन्याबद्दल. विणकामात गोल रेघ नसतेच. उभे धागे, आडवे धागे. सगळी नक्षी चौकटी भरून होते. पोपटाची पाठसुद्धा एकेक पायरी करत वर जाते. धागा बारीक, म्हणून लुगड्यावर ती गोल दिसते. कागदावर मी चौकटी मोठ्या धरल्या आणि पायऱ्या उघड्या पडल्या. खरं सांगतो, आप्पा बोलेपर्यंत मला त्या दिसल्याच नव्हत्या. माझ्या डोळ्याला तो पोपट गोलच होता.

मी एक दिवस मागून घेतला आणि दुसरा पोपट काढला. गुबगुबीत, मान वळवलेला, पिसन्‌पीस वेगळं. कागदावरचं चित्र बघून मॅनेजर खूश झाले. पण आमची छपाई दगडावरची. दगडावर चित्र काढायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. म्हणजे हिरव्यासाठी एकदा आणि तांबड्यासाठी पुन्हा एकदा तोच कागद दाबायचा. त्यात तो केसभर सरकतोच. लेबल जेमतेम दोन बोटं रुंद. पिसं शाईनं भरून गेली आणि तांबडी चोच डोळ्यावर जाऊन बसली. पायऱ्यांच्या पोपटाला असलं काही झालं नव्हतं. त्याच्या चौकटी ठसठशीत. थोड्या सरकल्या तरी कुणाला कळत नव्हतं.

हे मी मॅनेजरांना दाखवलं. ते म्हणाले, आप्पांना पहिला नको तर नको, गिऱ्हाइकाशी वाद कशाला. मला भीती वाटत होती, तरी मी हट्ट धरला. दोन्ही थोडे थोडे छापा, मी निपाणीला घेऊन जातो, म्हटलं. काय वाटलं कोण जाणे, ते कबूल झाले.

बाजाराच्या दिवशी आप्पांच्या दुकानात दोन्ही लेबलांची बंडलं फळीवर शेजारी शेजारी मांडली. आतला माल एकच. मी मधे तोंड घालायचं नाही, अशी आप्पांची ताकीद होती. मी पोत्यावर बसून तंबाखूच्या शिंका दाबत राहिलो. पहिल्या दोघा-तिघांनी हाताला येईल ते उचललं. मी मनातल्या मनात माग पुन्हा जोडायला घेतला.

मग चिकोडीकडची एक म्हातारी आली. नवऱ्यासाठी विड्या हव्या होत्या. आप्पांनी गोल पोपटाचं बंडल पुढं केलं. तिनं ते उलटसुलट करून खाली ठेवलं.

"ह्ये कसलं पान काढलंय? मला त्यो काठावरचा राघू दे."

"कुठल्या काठावरचा, आक्का?" आप्पांनी विचारलं.

तिनं आपल्याच लुगड्याचा काठ चिमटीत धरून वर केला. "ह्यो बघ की. आमच्या म्हाताऱ्याला वाचाय येत न्हाय, पर ह्यो त्यो वळखतोय."

नंतरच्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढं आप्पांनी दोन्ही बंडलं धरली. दुपारपर्यंत पायऱ्यांचे पोपट संपले. गोल पोपट बरेचसे फळीवरच बसून होते.

"ह्योच छाप," आप्पा म्हणाले. "पर चोच जरा लाल कर."

गिऱ्हाईक काहीतरी बदल सुचवल्याशिवाय काम पास करत नाही, हे ज्ञान मला त्याच दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी हजेरीबुकात माझं नाव घातलं. शिक्षण काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विणकाम. त्यांनी तसंच लिहिलं. मला इतका आनंद झाला की टोपी तिथंच विसरून घरी गेलो.

दगडावर नीट उठणारी गोल रेघ मी पुढं प्रेसमध्येच शिकलो. तीन-चार वर्षं लागली. पण ती पगारी वर्षं होती. नवा धंदा धरायचा तर जुना विसरावा लागतो, असं लोक सांगतात. मला विसरायला सवडच मिळाली नाही.