किती इंच दाबून ठेवू?

एकलहऱ्याच्या पगाऱ्यांची हर्षाली ही मुळात त्या पगाऱ्यांची नव्हेच, ती बोर्डिंगात गणवेश शिवणाऱ्या लताबाईची पोटची मुलगी, अशी कुजबुज आमच्या रस्त्यावर दोन वर्षं चालली होती. मला ती योगिनी मॅडमनी सांगितली, कुणाला न सांगण्याच्या अटीवर. मी अट पाळली. फक्त सात-आठ जणांना सांगितलं, आणि तेही ज्यांना आधीच माहीत होतं अशांना.

योगिनी मॅडम त्या मुलींच्या बोर्डिंग शाळेत गणित शिकवतात आणि वह्या घ्यायला माझ्या दुकानात येतात. दुकान फाटकाच्या बरोबर समोर, त्यामुळे बातमी मला कधी शिळी मिळत नाही. मॅडमनी पुरावेही क्रमवार मांडले. लताबाईला मूल नाही. तिचंही आडनाव पगारे. दोघींच्या डाव्या गालाला खळी. आणि सगळ्यांत जड पुरावा हा, की जूनमध्ये साऱ्या मुलींना गणवेशाचा पिनो मिळतो तो पावती दाखवून. हर्षालीला मात्र दरवर्षी नवा कोरा पिनो, शिवणखोलीच्या मागच्या दारातून, बिनपावतीचा. नाशिकरोड ते एकलहरे एवढ्या पट्ट्यात पगाऱ्यांची घरं किती, हे मी मॅडमना सांगून पाहिलं. पण खळीपुढे माझं काही चालेना.

आता लताबाई कोण ते सांगतो. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम मापाची टेप. बोर्डिंगच्या मागच्या व्हरांड्यात तिची खोली, खोलीत पायाची मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली खडूने लिहिलेली मापं. एकवीस वर्षं तिथल्या प्रत्येक मुलीचा पिनो, म्हणजे शर्टावरून घालायचा तो बिनबाह्यांचा निळा झगा, तिच्याच हातचा.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आईबाप पोरींना घेऊन यायचे. लताबाई माप घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "किती इंच दाबून ठेवू?" म्हणजे खालची दुमड किती ठेवायची; पोर वाढली की ती उसवून झगा लांब करता येतो. ऑफिसातल्या फॉर्मवर बापाचा धंदा, आईचं शिक्षण असं सगळं लिहिलेलं असतं. लताबाईला फॉर्मची गरज नव्हती. या एका उत्तरावरून ती घर ओळखायची आणि दुपारी चहा घेताना मला सांगायची. मीही ऐकून घ्यायचो, कुणाचं मन मोडवत नाही.

लासलगावचे कांद्याचे व्यापारी होते. ते म्हणाले, "दाबायचं कशाला? दरवर्षी नवे चार शिवा!" आणि रुबाबात गाडीकडे गेले. त्यांच्या मंडळी चंद्रभागाबाई पर्स विसरल्याचं निमित्त करून परत आल्या. "तीन इंच ठेवा हो. यांना बोलू नका." सटाण्याकडचे केरूभाऊ डाळिंबवाले, त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "ताई, पोर वाढनारी शे. कापड शे तितलं दाबी ठेव." कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी दुमड म्हणजे काय असं विचारलं. लताबाई म्हणाली, "या घरात आजी नाही." चौकशी केली, खरंच नव्हती.

आणि प्रफुल्ल पगारे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. पोरगी परीक्षा देऊन, स्कॉलरशिपच्या जागेवर आलेली. तो माणूस घरून हिशेब करूनच आला होता. "चार इंच, ताई. पाचवी ते आठवी." शेजारी बायको राखी उभी, आणि हर्षाली रडून लाल झालेली.

हे सगळं ठीक चाललं होतं. हर्षाली सातवीत गेली त्या वर्षी बोर्डिंगला नवे व्यवस्थापक आले. मनोज सर. माणूस टापटिपीचा, बोलताना समोरच्याच्या बटणांकडे बघणारा. त्यांच्या डोक्यात आलं की गणवेश कंपनीचा घ्यायचा, तयार, पिशवीत घालून आलेला. लताबाईला बोलावून म्हणाले, "बाई, हाताच्या कामात चुका होतात. मशीनचं माप चुकत नाही."

लताबाईची पाठ ताठ झाली. "एकवीस वर्षांत माझी एक चूक दाखवा, सर. मी मशीन उचलून घरी जाते."

"लिहून देता?"

दिलं की तिने लिहून! खाली सहीसुद्धा.

आता तिचं सगळं त्या कागदावर आलं. नवरा लहानू देवळाली कॅम्पात भाजीची गाडी लावतो, पण घर चालायचं ते हिच्या मशीनवर. आणि खरं सांगू, त्या खोलीतून उठून ती कुठे बसली असती याचा मलाच विचार पडला होता.

मनोज सर चुका शोधू लागले. चूक सापडेना, कुजबुज मात्र सापडली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लताबाईला केबिनमध्ये बसवलं. नात्यातल्या मुलीला शाळेच्या कापडातून फुकट गणवेश दिला असेल, तर तेही काम जाण्याइतकंच होतं.

"ही मुलगी तुमची कोण?"

लताबाई गळ्यातली टेप गुंडाळू लागली.

"कापड शाळेचं?"

"माझं. दुकानाच्या पावत्या आहेत." तिने चार घड्या घातलेल्या पावत्या टेबलावर ठेवल्या.

"मग का देता?"

लताबाईने मान खाली घालून टेप पुन्हा उलगडली. मोठ्या बाई सज्जन, त्यांनी रुमाल काढला आणि स्वतःचेच डोळे टिपले. दाराबाहेर योगिनी मॅडम पाणी प्यायला चौथ्यांदा आल्या होत्या.

संध्याकाळी मी लताबाईला गाठलं. "अहो, नुसतं नाही म्हणा की! काय जातं?"

"तात्या, तुम्ही वह्या विका."

लहानूभाऊला विचारलं, तर तो मेथीच्या जुड्या लावत म्हणाला, "मला कळवलं असतं तर बारशाला आलो असतो."

पुढच्या भेटीच्या रविवारी राखी आली. कुजबुज एकलहऱ्यापर्यंत पोचली होती. ती तडक शिवणखोलीकडे निघाली तशा व्हरांड्यातल्या बायका डबे अर्धवट सोडून मागे सरकल्या. मीही पेन्सिलींचा बॉक्स पोचवायच्या निमित्ताने तिथेच होतो.

राखीने कमरेवर हात ठेवले. "ताई, पोरगी तुमची म्हणतात."

"म्हणतात खरं."

"मग घेऊन जा की! सकाळी उठवून बघा एकदा. आणि कारल्याची भाजी खाऊ घातली, तर दत्तकपत्रच करून देते."

लताबाई आधी कशीनुशी हसली, मग दोघी इतक्या हसल्या की मशीनवरची रिळं घरंगळली. राखीने डब्यातले शेंगदाण्याचे लाडू तिच्या हातावर ठेवले. "उरलेल्या कापडातून करते म्हणालात, म्हणून घेत होते. पण दर जूनला कुठलं कापड उरतंय हो?"

"उरतं," लताबाई म्हणाली आणि लाडू तोंडात टाकला.

त्याच दुपारी हॉलमध्ये पालकांची सभा. मनोज सरांनी कंपनीचा पिनो हँगरला लावून दाखवला. इस्त्री अशी, की झगा एकटाच उभा राहील. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात चंद्रभागाबाई उठल्या, पुढे जाऊन त्यांनी पिनोची खालची कड उलटी केली.

"यात दाबलेलं कुठंय?"

"मॅडम, ही पद्धत आता जुनी झाली. मुलगी वाढली की पुढचा साइज घ्यायचा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

व्यापारी साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "घेऊ की, त्यात काय?" चंद्रभागाबाईंनी मागे वळून असं पाहिलं की साहेबांनी मोबाइल काढला. मग पिनो हातोहात फिरला. केरूभाऊंनी कड चिमटीत धरून बोट घालून बघितलं. "यामा अर्धा इंच बी नही!" प्रफुल्ल पगारेने नुसता हात वर केला. त्याच्यामागे अख्ख्या हॉलचे हात वर. डॉक्टरीणबाईंचाही, दुमड म्हणजे काय हे त्यांना नुकतंच शेजारणीने समजावलं होतं.

मनोज सरांनी झगा परत पिशवीत घातला. मोठ्या बाईंनी लताबाईचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच फाडला, जरा घाईनेच.

त्यानंतर दोन वर्षं तिने काम केलं आणि गेल्या मे महिन्यात आपणहून सोडलं. आता लहानूभाऊच्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसते आणि गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना नावं ठेवते. तब्येत सुधारली आहे. हर्षाली दहावीची तयारी करते आहे. खरं काय ते लताबाईने मला दिवाळीत सांगितलं, कुणाला न सांगण्याच्या अटीवर.

हर्षाली राखी आणि प्रफुल्ल पगारे यांचीच मुलगी. तिच्या पहिल्या पिनोला चार इंच दाबून ठेवायचे होते, ते लताबाई विसरली. कापड कापून झालं होतं. ती चूक झाकायला, कड उसवायची वेळच येऊ नये म्हणून, दरवर्षी स्वतःच्या पैशाने नवा पिनो शिवत होती.