जमनानगरची शेवटची गल्ली

नंदुरबारला कोरीटच्या वाटेवर मगनआप्पांचं पाच एकर होतं. शहर वाढत वाढत तिथवर आलं, तेव्हा आप्पांनी शेताचे प्लॉट पाडले, वसाहतीला बायकोचं नाव दिलं, जमनानगर, आणि शेवटच्या गल्लीत स्वतःचं घर बांधलं. ही गल्ली पुढे कुठे जातच नाही. सहा फुटी भिंतीला जाऊन थडकते.

भिंतीच्या जागी पूर्वी बांध होता आणि पलीकडे रायसिंगचं शेत. हातभर बांधापायी दोघांनी वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. रायसिंगनेही प्लॉट पाडले आणि निरोप धाडला, रस्त्याला रस्ता जोडू, सगळ्यांची सोय होईल. नकाशा काढणाऱ्याने परोपरीने समजावलं. पण आप्पा इरेला पेटलेले.

"हाऊ बांध मन्हा बापनी राखेल शे. फोडाना नही!"

भिंत उभी राहिली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. आता काय बोलावं!

पुढे जावयाने घर घेतलं ते नेमकं भिंतीपलीकडे, दुसऱ्या ओळीत. सासुरवाडी जवळ पडेल म्हणे. लेकीची, चेतनाची, तान्ही रडली की इकडे ऐकू येते. जायचं तर मात्र हायवेपर्यंत बाहेर पडा, पेट्रोलपंपाला वळसा घाला, तिकडून आत शिरा. तीन किलोमीटर. त्यात जमनाबाईंना अर्धांगवायू झाला. लेकीच्या हातचा घास असेल तरच त्या तोंड उघडतात. पोर काखेत घेऊन चेतना दिवसातून दोनदा तो वळसा घालते. परवा हायवेवर ट्रक अगदी अंगावर आला, मायलेकी थोडक्यात वाचल्या.

तेव्हा कुठे आप्पा मान खाली घालून रायसिंगच्या दारी गेले आणि जाण्यायेण्यापुरती वाट मागितली.

रायसिंग भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने पाणी दिलं, जुना नकाशा काढून पुढे ठेवला.

"मी त चार वरीस रस्तानी जागा सोडी ठेवी व्हती, आप्पा. मंग इकी टाकी. आते भिंतले लागीसन घरेच घरे."

आप्पा परत आले तेव्हा पाय भरून आले होते. जमनाबाईंनी अडखळत विचारलं, "दिधी का त्यानी वाट?"

"त्यानी कव्हयच दिधी व्हती. मीच लिधी नही."

जमनाबाईंनी तोंड फिरवलं. ताटातला भात निवून गेला होता. पलीकडे तान्ही रडली, मग आवाज लांब लांब गेला. चेतना निघाली होती. पोचायला अजून पाऊण तास होता.